नावं घासून मिळतील

“पप्पा, तुमी आजवर बनवलेल्या वस्तूंमधी एक तरी अशी हाये का, जिनं कुणाचंच रक्त काढलं न्हाई?”

हा प्रश्न माझ्या डोक्यातला नाही. तो मला मैत्रिणींनी विचारायला लावला, आणि त्यातही दिपाने. दिपा शेजारच्या तांड्यावरची. आम्ही दोघी सायकलवर आखाडा बाळापूरला शाळेत जातो, आणि जाताना ती आमच्या फाटकाची कडी उघडून मला हाक मारते. कडी पप्पांनी बनवलेली आहे. त्या सोमवारी कडीने तिचं बोट असं चिरलं की आम्ही शाळेआधी उपकेंद्रात गेलो आणि तिथल्या नर्सबाईंनी, म्हणजे माझ्याच मम्मीने, तिला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. मधल्या सुट्टीत दिपाने ते बांधलेलं बोट झेंड्यासारखं वर धरून सगळ्या पोरींसमोर पैज लावली: हा प्रश्न पप्पांना तोंडावर विचारून दाखव, बोट बरं झालं की तुझ्या विज्ञानाच्या वहीतल्या सगळ्या आकृत्या मी काढून देते.

मागच्या वर्षीची राणी असती तर तिने आकृत्या मुकाट्याने स्वतः काढल्या असत्या. मागच्या वर्षीची राणी हजेरीला इतक्या हळू ओ द्यायची की दोनदा वर्गात बसूनच गैरहजर लागली होती. पण या पंधरा ऑगस्टला मी माईकवर पाच मिनिटं न अडखळता बोलले, आणि तेव्हापासून मला कशाचीच भीती वाटत नाही. “त्या माईकनं पोरगी कामातून गेली,” असं मम्मी म्हणते.

तर मी विचारलं. जेवताना, मोठ्याने.

पप्पांविषयी थोडं सांगायला हवं. ते पाटबंधाऱ्याच्या एका कार्यालयात कारकून आहेत. दिवसभर कागद उचलणाऱ्या माणसाला संध्याकाळी काहीतरी जड उचलावंसं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आमच्या पडवीत वेल्डिंगचं मशीन आहे, कटर आहे, ड्रिल आहे, आणि शाळेने मोडीत काढलेल्या बाकड्यावर ठोकून बसवलेला, लोखंड पकडायचा शिकंजा आहे. इथून आजवर बाहेर पडलेलं काम असं: टॉवेलची दांडी (मामाला दोन टाके), चपलांचं स्टँड (माझा घोटा), गॅसच्या टाकीखालची गाडी (मम्मीची साडी, नवी), मोबाईल ठेवायचा घोडा (मोबाईल).

पप्पा चिडले नाहीत. घास तोंडात तसाच धरून त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. ते फार प्रामाणिक आहेत, हीच तर तकलीफ आहे.

“कुंडीचं स्टँड,” ते शेवटी म्हणाले.

“मांजर,” मम्मी भाकर वाढता वाढता म्हणाली.

त्या एका शब्दातून आमच्या बेल्ट सँडरचा, म्हणजे लोखंड घासायच्या यंत्राचा, जन्म झाला.

पप्पांचं म्हणणं पडलं की दोष कामात नाही, शेवटच्या हातात आहे. लोखंड कापलं की कडेला बारीक काटे उरतात. ते कानशीने काढता येतात, पण एक कडा घासायला अर्धा तास जातो, आणि तेवढ्या वेळात माणसाला दुसरीच वस्तू बनवायची हुक्की येते. मग काटे तसेच राहतात आणि मामा येतात. आठ दिवस पप्पा मोबाईलवर व्हिडिओ बघत बसले. कुठल्या कुठल्या देशातली दाढीवाली माणसं घराच्या मागच्या खोलीत लोखंडाचा तुकडा एका फिरत्या पट्ट्याला लावत होती आणि तो लोण्यासारखा गुळगुळीत होऊन बाहेर येत होता. नवव्या दिवशी पप्पांनी ऑर्डर टाकली.

मम्मीने हरकत घेतली नाही, पण अट घातली: गल्लीतून एक जरी तक्रार आली आणि ती मिटली नाही, तर मशीन विकायचं. मम्मीचं माझ्याबाबत सगळं ठरलेलं आहे. दहावी, मग लातूर, तिथला क्लास, मग डॉक्टर. आमच्या घरात कुणी “राणीचं पुढं काय?” असं विचारलं की तिचा हात आपोआप लातूरच्या दिशेने वर जातो. त्या दिशेला आमची पडवी येत नाही.

खोका उघडला तर आत एवढंसं यंत्र. पिठाच्या गिरणीला पट्टा असतो ना, तसाच पट्टा दोन चाकांवरून फिरतो, फक्त याच्या बाहेरच्या अंगाला पॉलिश पेपर. पप्पांनी बटन दाबलं. पट्टा सरकत सरकत कडेला गेला, फाटला, आणि पप्पांच्या कानाजवळून जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरला चिकटला. दुसरा पट्टा लावला, तोही गेला. तिसऱ्याच्या वेळी पप्पा दाराआडून बटन दाबायच्या बेतात होते, तेव्हा मी यंत्राच्या बगलेतली एक छोटी कळ बघितली. ती अर्धा आटा फिरवली की पट्टा आपोआप चाकाच्या मधोमध येऊन बसतो. मी फिरवली, तो बसला. पप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं ते एरवी फक्त गरम वेल्डिंगकडे बघतात.

त्या दिवसापासून यंत्र पप्पांचं राहिलं आणि चालवायला मी लागले.

आता याचा उपयोग काय ते सांगते, कारण पुढे मला जे काही ऐकून घ्यावं लागलं त्यात हे कुणी ऐकून घेतलं नाही. कापलेल्या लोखंडाची कडा दोन दमात साफ होते. वेल्डिंगचे फोड सपाट होतात. गंज जातो. बोथट पेचकस परत कामाला येतो. पट्ट्याच्या मागे जिथे पत्रा आहे तिथे सरळ कडा घासायची, आणि दोन चाकांच्या मधे पट्टा जिथे सैल आहे तिथे गोलाई घासायची, कारण तिथे तो वस्तूच्या अंगाप्रमाणे वाकतो. वस्तू तापते, म्हणून शेजारी पाण्याची बादली. ओढणी बाजूला, केस घट्ट बांधलेले, डोळ्यांवर चष्मा. दिपाच्या वडिलांनी, प्रेमसिंगकाकांनी, सोयाबीन काढणीच्या आधी चौदा विळे आणून टाकले. त्यांना मी एका रविवारी धार लावून दिली. फाटकाची कडीही घासली. दिपाने तिच्यावरून तेच बोट सावकाश फिरवलं, काहीच झालं नाही, आणि ती थोडी हिरमुसली.

मला मात्र पहिल्यांदाच असं काहीतरी सापडलं होतं, जे मला आमच्या घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त येत होतं.

दोन अपघात झाले, ते लपवत नाही. पहिला पप्पांचा. त्यांनी खुरप्याची लाकडी मूठ घासली आणि भुसा उडू नये म्हणून यंत्राच्या तोंडाला उशीचा अभ्रा बांधला. मग त्याच अभ्र्यात भुसा तसाच ठेवून लोखंड घासलं. लोखंडाच्या ठिणग्या, लाकडाचा भुसा आणि सुती कापड एका जागी आणल्यावर जे होतं ते झालं. मम्मीने बादली ओतली आणि पप्पांकडे न बघता सांगितलं की अभ्रा रुखवतातला होता.

दुसरा माझा. टोचणाऱ्या कडेचं एक ताट मी पट्ट्याला उलट्या बाजूने लावलं. तसं धरलं की पट्टा वस्तू हिसकावून घेतो, हे मला त्या दिवशी समजलं. ताट भिंतीवरून शेजारच्या ग्यानबातात्यांच्या अंगणात गेलं आणि त्यांच्या पत्र्याच्या टाकीवर असं वाजलं की तात्या, जे निवृत्त पोस्टमन आहेत आणि अख्ख्या नोकरीत कुत्र्यांनाही घाबरले नाहीत, बाजेवरून उठून सरळ उभे राहिले.

तात्यांचं तोपर्यंत आमच्या यंत्राबद्दल बरंच मत झालं होतं आणि ते त्यांनी वेळोवेळी भिंतीवरून दिलं होतं. यंत्र उत्तरेला तोंड करून ठेवा. खाली बारदाना टाका. मोटरला रात्रीचं दही लावत जा (हे कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही). ताटानंतर मात्र ते सल्ला न देता कपडे घालून ग्रामपंचायतीकडे गेले.

“मी तक्रार केली न्हाई बाई,” ते नंतर मम्मीला म्हणाले. “मी निस्तं इचारलं, असलं मशीन घरात चालतं का म्हनून.”

ग्रामपंचायतीत नुसत्या विचारण्यापेक्षा मोठी तक्रार नसते. कारण उत्तर कुणालाच माहीत नसतं, आणि उत्तर माहीत नसलं की अर्ज मागवतात. आम्हाला चिठ्ठी आली: घरात यंत्र बसविल्याबाबत लगतच्या सात घरांचे ना-हरकत सह्यांसह मासिक सभेपूर्वी जमा करावे, अन्यथा यंत्र बंद ठेवावे.

ग्रामसेवक साहेबांकडे तीन गावं आहेत, त्यामुळे ते नेहमी उरलेल्या दोन गावांत असतात. चौथ्या खेपेला मला ते सापडले. त्यांनी एक छापील अर्ज शोधून काढला, जो मुळात कोंबड्या पाळण्याचा होता, आणि त्यावर ‘कुक्कुट’च्या जागी ‘यंत्र’ लिहायला सांगितलं. वर फोटोची चौकट होती. मी विचारलं, फोटो अर्जदाराचा की यंत्राचा? साहेबांनी बराच वेळ पंख्याकडे बघितलं आणि म्हणाले, दोघांचा लावा. तेवढ्याशा चौकटीत दोघं मावेनात, म्हणून शेवटी पप्पांनी यंत्र मांडीवर घेऊन बाळापूरला स्टुडिओत फोटो काढला. फोटोग्राफरने सवयीने त्यांना जरा हसायला सांगितलं. फोटो चांगला आलाय. यंत्र पप्पांवर गेलंय असं वाटतं.

राहिल्या सात सह्या. मम्मीने चिठ्ठी वाचली आणि तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट लातूर दिसलं. पप्पा म्हणाले, सह्या होतील, आपलीच माणसं आहेत. पण सह्या मागायला त्यांना लाज वाटत होती, म्हणून मी निघाले.

आमच्या समोर रत्नपालकाका राहतात, विहार समितीचे अध्यक्ष. अध्यक्षांपासून सुरुवात करावी म्हणून मी तिथे गेले. ते म्हणाले, अध्यक्षाने पहिली सही केली तर लोकांवर दबाव येतो, म्हणून मी शेवटी करेन. मग मी बाकीच्यांकडे गेले. बाकीचे म्हणाले, अध्यक्षांच्या आधी आम्ही कशी करावी, बरं दिसत नाही. दोन दिवस मी या सभ्य माणसांमधे चेंडूसारखी फिरले. कुणाचीच हरकत नव्हती, आणि ना-हरकत कुणीच देत नव्हतं.

शेवटी शेजारच्या केशरकाकूंनी मला हाताने खुणावून स्वयंपाकघरात नेलं.

“सही करते,” त्या म्हणाल्या. “पन एक काम हाये. कुनाला सांगायचं न्हाई.”

पदराआडून त्यांनी एक मोठी स्टीलची परात काढली. तिच्यावर कोरलेलं होतं: ‘जनकाबाई यांजकडून भेट’.

आमच्याकडे नाव नसलेलं भांडं म्हणजे भांडंच नव्हे. लग्नात, नव्या घरात जे भांडं येतं त्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं, आणि देताना ते माईकवरून पुकारलंही जातं. विहारात कार्यक्रम असला की घरोघरची भांडी एकत्र होतात आणि नावं वाचून पुन्हा आपापल्या घरी जातात. ही परात गल्लीतल्याच जनकामावशींनी काकूंना नव्या घराच्या वेळी दिलेली. पण उन्हाळ्यात नळाच्या पाइपावरून दोघींचं बोलणं बंद झालं. आता आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपणार, विहारात खीर होणार, आणि काकूंनी तिचं नाव मिरवत परात न्यायची म्हणजे काय. म्हणून हे नाव घासून टाकायचं आणि बाळापूरच्या बाजारात नाव कोरणारा बसतो, त्याच्याकडून स्वतःचं घालून घ्यायचं.

मी परात घरी आणली. जनकामावशींचं नाव मशीनच्या पेनाने उथळ कोरलेलं होतं, दोन दाबात गेलं. आणि त्याच्याखाली आणखी एक नाव वर आलं. हे जुनं होतं, छिन्नीने ठोकून काढलेलं. कुणीतरी ते कानशीने पुसून वर चकाकी आणली होती, पण खोल ठिपके राहिले होते. मी परात उजेडात तिरपी धरली. ‘केशरबाई जळबा यांजकडून, सन २००९’.

म्हणजे परात मुळात काकूंनीच मावशींना दिली होती. मावशींनी काकूंचं नाव घासून, त्यावर स्वतःचं घालून ती काकूंनाच परत दिली. आणि आता काकू मावशींचं नाव घासून तिच्यावर आपलं घालणार होत्या. मी बारीक पट्टा लावला आणि तेही नाव साफ केलं. आतापर्यंत कुणी मला कामात अर्धवट म्हटलेलं नाही.

काकू खूश झाल्या, पण सही पुनवेच्या दिवशी, सगळ्यांबरोबर. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या वहिनी आल्या, दोन पातेली घेऊन. कुणाला सांगायचं नाही. मग ग्यानबातात्या स्वतः, संध्याकाळी, भिंतीवरून: वाटणीत आलेल्या बादलीवर भावाचं नाव होतं. कुणाला सांगू नको बाई, आणि मशीनचा आवाज जरा कमी ठेव. मग जनकामावशी तीन डबे घेऊन. मग कोपऱ्यावरच्या दोन घरांतून. शेवटी अध्यक्षांच्या घरून तांब्ये आले, काकांना न सांगता. आठवड्यात मी सात घरांची एकोणीस भांडी चकाचक केली आणि एकोणीस गुपितं पोटात घातली. अभ्यासाच्या वेळेत नाही, हे मम्मीसाठी नोंदवून ठेवते.

मला काय माहीत की त्या मंगळवारी नाव कोरणारा बाजारात येणारच नाही. त्याच्या मेव्हण्याचं लग्न होतं.

पुनवेला सगळी भांडी विनानावाची विहारात गेली. आणि प्रत्येक घराने रत्नपालकाकांच्या कानात एकच सूचना दिली, जी त्यांनी मला नंतर फार जड आवाजात ऐकवली: “आमचं वळखायला सोपं हाये भाऊ. ज्याच्यावर नाव न्हाई, ते आमचं.”

वंदना झाली, खीर झाली, जेवणं झाली. भांडी धुऊन विहाराच्या अंगणात पालथी घातली. दुपारचं ऊन होतं. नावं असलेली भांडी पाच मिनिटांत उचलली गेली, आणि मधोमध एकोणीस भांडी उरली, आरशासारखी, एकासारखी एक. भोवती सात घरांच्या बायका. प्रत्येक बाई आपलं सोपं भांडं घ्यायला वाकली आणि तशीच वाकलेली थांबली.

पहिलं कोण बोललं ते आठवत नाही. पण थोड्याच वेळात पातेली दोन्ही बाजूंनी ओढली जात होती, कुणाच्या तरी बापाने दिलेल्या डब्याचा इतिहास निघाला होता, आणि मग एकेक करून सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले. मी खिरीची वाटी घेऊन दिपाशेजारी बसले होते. वाटी फार मोठी असायला हवी होती, तिच्यामागे लपता आलं असतं.

रत्नपालकाकांनी मला बोलावलं. ते म्हणाले, हे तूच केलंस ना, आता तूच निस्तर. मी निस्तरलं. खरं सांगते, मला ते अवघड गेलंच नाही. जे भांडं अर्धा तास हातात धरून घासलंय, ते बोटांना पाठ होतं. तात्यांच्या बादलीचा कडीजवळ पत्रा जाड आहे. वहिनींच्या एका पातेल्याचं बूड किंचित डावीकडे बसलंय. मावशींच्या मधल्या डब्याचं झाकण घट्ट बसतं. मी एकेक उचलून, काठावरून अंगठा फिरवून ज्याच्या त्याच्या हातात देत गेले, आणि लोक बघत राहिले. अठरा भांडी गेली. मला वाटलं, आता टाळ्या वाजतील.

एकोणिसावी परात. मी ती केशरकाकूंना दिली.

“थांब,” जनकामावशी म्हणाल्या. त्यांनी परात उलटी केली, काठाचा पोचा बघितला. “ही तर मी दिल्याली परात. हिच्यावर माझं नाव व्हतं. कुठं गेलं माझं नाव?”

“घासून घासून गेलं,” केशरकाकू म्हणाल्या. “राखेनं घासतो आमी.”

“बाकी परातीला वरखडा न्हाई, आन् नावच तेवढं घासून गेलं व्हय. सरळ सांग की, माझं नाव डोळ्याला सहन व्हईना म्हनून पुसलं.” आणि त्या माझ्याकडे वळल्या. “राणी, तू सांग. नाव आपोआप गेलं का पुसलं?”

तेव्हा माझ्या डोक्यात फक्त तो कोंबड्यांचा कागद होता. खोटं बोलले तर मावशींची सही जाणार. खरं बोलले तर काकूंची. सातमधल्या सहाला अर्थ नाही, हे ग्रामसेवक साहेबांनी दोनदा सांगितलं होतं. केशरकाकू माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी त्यांचं बाळ वाहत्या पाण्यात धरून उभी आहे. मावशी ‘पुसलं’ हा शब्द लोकांना परत परत ऐकवत होत्या, आणि लोक काकूंकडे बघायला लागले होते. मला एकदम सगळ्याचाच कंटाळा आला. अर्जाचा, खेपांचा, पदराआडच्या भांड्यांचा.

“पुसलं,” मी म्हणाले. “मी पुसलं, काकूंनी सांगितलं म्हणून. पण मावशी, तुमच्या नावाखाली अजून एक नाव होतं. केशरबाई जळबा यांजकडून, सन दोन हजार नऊ. ते तुमी कानशीनं पुसलं होतं, ते बी बराबर पुसलं नव्हतं.”

माईकवर मी कधी इतकी स्पष्ट बोलले नव्हते.

मावशींचं तोंड उघडं राहिलं. काकूंनी परातीकडे बघितलं, मग मावशींकडे, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. रडू की हसू, ते मला ओळखता आलं नाही. मग मला दिसलं की त्या दोघी आता एकमेकींकडे बघतच नाहीयेत. सगळ्याच जणी माझ्याकडे बघत होत्या. वहिनींनी पातेली पदराखाली घेतली. तात्यांनी बादली पाठीमागे धरली. रत्नपालकाका म्हणाले, ऊन फार झालंय, चला आता घरी.

घरी येताना मी दिपाला सांगितलं की संपलं, मशीन जाणार. तिने मान हलवली आणि विचारलं की मग कडी आता कोण घासणार. मम्मी पुढे चालत होती. आम्ही पोचलो तेव्हा पप्पा गुपचूप सँडरचा मूळ खोका माळ्यावरून खाली काढत होते.

ते खोका झाडत असतानाच फाटक वाजलं. वहिनी. सही कुठं करायची तेवढं विचारलं, केली, गेल्या. त्यांच्या मागून कोपऱ्यावरची दोन्ही घरं. मग ग्यानबातात्या, भिंतीवरून नाही, पहिल्यांदाच फाटकातून. सही करताना मला म्हणाले, पोरी, तू काय काय वाचलंस ते तुझ्याजवळच ठेव, तू हुशार हायेस. मग केशरकाकू आणि जनकामावशी. एकत्र. मावशींच्या हातात काकूंची पिशवी होती. दोघींनी एकाखाली एक सही केली, मला “अभ्यास कर बाई आता” असं दोघींनी एका सुरात सांगितलं, आणि फाटकाबाहेर जाऊन त्या माझ्याविषयी इतक्या जिव्हाळ्याने बोलत उभ्या राहिल्या की उन्हाळ्यापासून न बोललेलं सगळं भरून निघालं असावं. शेवटी रत्नपालकाका आले, बायकोला सोबत घेऊन. त्यानंतर मागच्या गल्लीतली चार घरं आली, ज्यांची सही कुणी मागितलीच नव्हती आणि ज्यांची भांडी मी कधी बघितलीही नव्हती.

दिवेलागणीपर्यंत अकरा सह्या झाल्या.

पप्पा आनंदाने खोका परत माळ्यावर टाकायला निघाले. मला मात्र मनातून फार लागलं होतं. मला वाटलं होतं, लोक सही करतील कारण चौदा विळ्यांना धार लागली, कड्या बोचायच्या थांबल्या, अठरा भांडी मी डोळे मिटून ओळखली. सही केली ती मी काय वाचलंय या धास्तीने. एवढं शिकून शेवटी माझी किंमत जुन्या चिठ्ठ्यांच्या पेटीएवढी.

मम्मीने माझ्यासमोर चहा ठेवला. ती म्हणाली, अठरा भांडी हाताने ओळखलीस ते मी बघत होते. मग लगेच पुढे म्हणाली की आता झालं ना, मशीन राहिलं ना तुझं, आता दहावीच्या परीक्षेपर्यंत त्याला हात नाही आणि मे महिन्यात लातूर. क्लासवाल्यांशी तिचं बोलणंही झालं होतं.

पप्पा चटईवर बसून कोंबड्यांच्या अर्जाचे उरलेले रकाने भरत होते. शेवटचा रकाना होता ‘चालविणाऱ्याचे नाव व प्रशिक्षण’. त्यांनी स्वतःचं नाव लिहिण्यासाठी पेन उचललं, आणि प्रशिक्षणाच्या जागेसमोर अडले. मग हळूच माझ्याकडे बघितलं. ते फार प्रामाणिक आहेत, हे मी सांगितलंच.

मी चहाचा कप खाली ठेवला आणि उभी राहिले.

“मम्मी, पप्पा, एक सांगते. मी लातूरला जाणार न्हाई. दहावी झाली की आयटीआयला फिटरचा फॉर्म भरणार. तोवर त्या रकान्यात पप्पांचं नाव असू द्या, पण पेन्सिलनं लिहा.”